मिळून आला नाही

कोर्टाच्या थकलेल्या दंडाचं वॉरंट घेऊन हवालदार आज पुन्हा आले. यंदा जुन्या दंडांच्या वसुलीची मोहीम आहे म्हणाले. आई पदराला हात पुसत लगबगीने बाहेर आली. अलीकडे पाहुण्यांनाही ती अशी सामोरी जात नाही.

वॉरंटवर माझ्या भावाचं नाव असतं. लायसन्स नसताना मोटारसायकल चालवली म्हणून त्याला पाचशे रुपये दंड झाला होता. भरायला मुदत मिळाली होती, पण त्याआधीच एका सकाळी तो घरातून गेला आणि परतला नाही. नातेवाइकांनी वर्षभर चौकशी केली, मग ते विषय टाळू लागले. त्याच्या मित्रांची लग्नं झाली. त्याचं नाव, वडिलांच्या नावासकट, आता फक्त या कागदावर येतं. माणसं शोधून दमतात, सरकारला मात्र दमणं ठाऊक नसावं.

"काही पत्ता लागला का?" हवालदारांनी विचारलं. आईला त्यांना तेच विचारायचं होतं.

चहा घेऊन त्यांनी लिहिलं, "सदर इसम मिळून आला नाही." मी खाली सही केली.

मागे एकदा मी म्हटलं होतं, "आई, भरून टाकू या का ते पाचशे?"

"नको गं," ती म्हणाली होती. "मग त्याला शोधायला कोण येणार?"

हवालदार निघाले तेव्हा आई फाटकापर्यंत गेली. "पुन्हा या," म्हणाली.

पोलिसाला असं म्हणणारं आमचं एकच घर असेल.