तापाची वाट

दीपमाला माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ती आणि तिचा नवरा विनय गाझियाबादच्या वैशालीत स्वतःच्या घरी आले, त्याच वर्षी तिच्या रक्तात हेपॅटायटिस सी निघाला. नागपूरला बाळंतपणात दिलेल्या रक्तातून आला असावा, असं डॉक्टर म्हणाले.

दर शुक्रवारी इंजेक्शन, शिवाय रोज गोळ्या. तिच्या प्रकारच्या विषाणूवर औषध बहुतेकांना लागू पडतं, पण तिला पडेल की नाही ते बाराव्या आठवड्याच्या तपासणीत कळेल. विषाणू पुरेसा कमी झाला नसेल, तर उपचार बंद. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

इंजेक्शननंतर तिला हुडहुडी भरून ताप यायचा. शनिवार-रविवार ती रजईत, सोमवारी ऑफिसात. जूनमध्ये रजई घेणारी अख्ख्या गाझियाबादेत ही एकटीच, असं विनय चिडवायचा. तिला मात्र तो ताप हवाच असायचा. ताप चढला की औषध विषाणूशी झुंजतंय, असं तिने मनाशी धरलं होतं. मलाही ते पटायचं.

मग एका गुरुवारी कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर जळला. ती ऑफिसातून आली तेव्हा फ्रिजमध्ये पाणी साचलं होतं आणि इंजेक्शनची डबी कोमट झाली होती. विनय म्हणाला, एवढ्याने काही होत नाही. शुक्रवारी तिने तेच टोचून घेतलं.

संध्याकाळी आम्ही तिघं ताप येण्याची वाट बघत बसलो.

"बाई, जरा हात लावून बघा ना," ती मला म्हणाली.

"थंड आहे गं."

तिने रजई गळ्यापर्यंत ओढली. घामाने उशी भिजली, तरी रजई बाजूला केली नाही.

सोमवारी बाराव्या आठवड्याच्या तपासणीचं रक्त दिलं. कोमट झालेल्या डबीबद्दल ती डॉक्टरांशी बोलली नाही. चूक कळली तर ते उपचारच थांबवतील, या भीतीने. पुढच्या शुक्रवारी दुकानातून बर्फात घालून नवं इंजेक्शन आणलं. तरीही ताप नाही. त्यानंतर ती जेवताना मध्येच थांबून स्वतःच्या कपाळाला हात लावायची.

रिपोर्टच्या दिवशी विनय खाली स्कूटरपाशीच थांबला. मीच तिच्याबरोबर आत गेले.

डॉक्टरांनी कागद वाचला. "वायरस नहीं दिख रहा. इलाज चलेगा."

ती हसली नाही. "पर डॉक्टर साहब, अब बुखार ही नहीं आता."

शरीराला औषधाची सवय होते, तापावरून काही ठरत नाही, असं त्यांनी समजावलं. तेव्हा तिने कोमट डबीचं सांगून टाकलं. पुन्हा असं झालं तर ते टोचून न घेता आधी फोन करायचा, एवढंच म्हणाले. मग म्हणाले की खरं उत्तर उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी मिळेल. तोवर विषाणू परत येऊ शकतो.

"तब तक?"

"तब तक हम भी नहीं जानते."

त्या शुक्रवारी मी गेले, तेव्हा रजई कपाटात होती. इंजेक्शन घेऊन ती भिंतीला टेकून बसली होती.

"बाई, जरा हात लावता?"

मी कपाळावर हात ठेवला. "थंड आहे."

तिने मान हलवली. पण माझा हात तिने तिथेच धरून ठेवला.