बाहेरचा आवाज

दुपारचे पावणेतीन वाजलेत. जेवण करून मी शेडमध्ये आलो तो कामालाच, पण हात पाना उचलायला तयार नाही. म्हणून फियाटचं मागचं दार उघडून सीटवर आडवा झालोय. पाय बाहेर लोंबतायत. वरचा पत्रा तापून मधूनच कडकन वाजतो. नव्या रेक्झिनचा वास येतोय, त्यात थोडा पेट्रोलचा. डोळे मिटले की आवाज सुरू होतो. टक, टक, टक. इंजिन बंद आहे, बॅटरीची वायरसुद्धा काढून ठेवली आहे, तरी तो माझ्या डोक्यात चालूच असतो.

या आवाजाने माझे सात महिने खाल्लेत.

मी भूपाल मगदूम, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनियर. ही सदुसष्ट सालची गाडी मी निवृत्तीच्या वर्षी सांगलीतल्या आमच्या घरामागे आणून उभी केली, तेव्हा तिच्या डिकीत चिमण्यांचं घरटं होतं. ती माणसात आणली ती दस्तगीर मिस्त्रींनी आणि मी. खरं सांगायचं तर त्यांनी, आणि मी पाने हातात दिले. दर रविवारी ते मिरजेहून लुनावर यायचे, चपला शेडच्या बाहेर काढायचे आणि अनवाणी काम करायचे. सहा वर्षं असं चाललं.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी माझ्या ऑफिसातले दोघे जुने सहकारी मुद्दाम बघायला आले होते. इंजिन लागलं, आणि पाचच मिनिटांत आतून टकटक सुरू झाली. मी म्हणालो, बेअरिंग गेलं, इंजिन उघडावं लागणार. मिस्त्री मान वाकडी करून ऐकत राहिले आणि म्हणाले, "आतला न्हाई साहेब. बाहेरचा आवाज हाय. उघडू नका."

मी पुन्हा म्हणालो, बेअरिंगच आहे. ते पुन्हा म्हणाले, बाहेरचा आहे. ते दोघे बघत होते. मी पंचवीस वर्षं पंपहाऊस सांभाळलेला माणूस. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला आता ऐकू येत नाही. वय झालं तुमचं."

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, बॉनेटवर ठेवली, आणि चपला घालून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला नाही. मी इंजिन उघडलं. बेअरिंगं ठणठणीत होती, तरी बदलली. आवाज तसाच. परत उघडलं. फेब्रुवारीत कळलं की मिस्त्री दवाखान्यात आहेत. वाटलं, इंजिन एकदा नीट बसवतो, मग जाऊन सांगतो की बघा, आतलाच होता. दहाव्या दिवशी ते गेले.

आणि आता, इंजिन दोनदा उघडून झाल्यावर, मला पक्कं कळलंय की आवाज बाहेरचा आहे. पण बाहेरचा म्हणजे कुठला, हे सांगणारा माणूस राहिलेला नाही. म्हणून आजच पलूसच्या एका माणसाला फोन करून टाकला, उद्या सकाळी ये आणि गाडी घेऊन जा. मला ती डोळ्यांसमोर नको.

पत्रा पुन्हा वाजतो. या वेळी लांबून, पाण्याखालून वाजल्यासारखा.

पुढच्या सीटवर कोणीतरी बसलंय. स्टिअरिंगमागे, पण आडवं, दोन्ही पाय दाराबाहेर काढून. तळवे काळे आहेत. दस्तगीर मिस्त्री नेहमी असेच बसतात.

मला माहीत आहे की ते गेलेत. मिरजेच्या कब्रस्तानात मी स्वतः मागच्या रांगेत उभा होतो. पण आत्ता त्याचं काही वाटत नाही. वाटतो तो फक्त घोर, की हे उठून जायच्या आत विचारून घेतलं पाहिजे.

"मिस्त्री," मी म्हणतो, "कधी आलात?"

ते किल्ली फिरवतात. बॅटरी जोडलेली नसताना गाडी सुरू होते. टक, टक, टक.

"मिस्त्री, हा कुठला आवाज? तुम्ही म्हणत होता तो बाहेरचा, तो नेमका कुठून येतो?"

"हं," ते म्हणतात. "ऊन लई वाढलंय."

"अहो, मी आवाजाचं विचारतोय."

"पोरांना काय, पंखा लागतो. आम्ही पत्र्याखालीच वाढलो."

ते माझ्याशी बोलत नाहीयेत असं नाही. माझ्याशीच बोलतायत, पण मी जे विचारतो ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मी उठून पुढे वाकतो. पुढची सीट जरा लांब आहे. मी आणखी वाकतो, ती आणखी लांब जाते. गाडी चालू लागलीय. आम्ही कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर आहोत, जिथे मी नोकरीची पहिली अकरा वर्षं सायकल मारली. कालवा कोरडा आहे आणि त्याच्या तळाशी माझ्या इंजिनाचे सगळे भाग ओळीने मांडून ठेवलेत, पिस्टन, व्हॉल्व्ह, जुनी बेअरिंगं, मैलभर. खोलताना मी त्यांच्यावर शाईने घातलेले आकडेही दिसतायत.

"थांबवा," मी ओरडतो. "मिस्त्री, गाडी थांबवा, मला बोलायचंय तुमच्याशी."

"तिसऱ्याला जड जातीय का ओ साहेब?" ते मागे न बघता विचारतात.

"गिअरचं सोडा. त्या दिवशी मी जे बोललो ना तुम्हाला..."

"क्लचची तार बघून घ्या एकदा."

माझा घसा दुखायला लागतो. इतक्या जोरात मी आयुष्यात कोणावर ओरडलो नसेन, आणि मी ओरडतोय ते माफी मागायला. तीसुद्धा निम्मीच बाहेर येते. प्रत्येक वेळी "त्या दिवशी मी" इथपर्यंत मी पोचतो आणि ते टायरचं, नाहीतर उन्हाचं काहीतरी काढतात. मला त्यांचा राग येऊ लागतो. मेलेल्या माणसाचा. मनात येतं, मुद्दाम करतायत हे. ऐकू येतंय यांना.

"ओरडू नका," एक बाई म्हणते.

पांढऱ्या कपड्यातली नर्स आहे. हा दवाखान्याचा वॉर्ड आहे, लांबलचक, आणि दोन्ही बाजूंना खाटा. मी कधी आलो नव्हतो तो हाच वॉर्ड, हे मला न सांगता कळतं. खाटांवर चादरी पांघरून काहीतरी जड ठेवलंय, कडेने तेल ठिबकतंय आणि खाली एनॅमलची भांडी लावलीत. शेवटच्या खाटेवर मिस्त्री बसलेत. अंगावर दवाखान्याचे हिरवे कपडे, पाय अनवाणी.

"यांना ऐकू येत नाही," मी नर्सला सांगतो.

"कोण म्हणालं? सगळं ऐकू येतं यांना. रात्री ड्यूटीवर कोण आलंय ते नुसत्या पावलांवरून सांगतात." ती घड्याळ बघते. "तुम्ही फार उशिरा आलात. भेटायची वेळ संपली."

"दोनच मिनिटं द्या."

"तेवढंच म्हणून सगळे येतात."

मी खिशातून पेन काढतो. बोललेलं पोचत नसेल तर लिहून देतो. मिस्त्रींना मराठी वाचता येतं, रोजचा पेपर ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. नर्सच्या हातातला तक्ता घेऊन मी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागतो. मिस्त्री, माझी चूक झाली, एवढंच लिहायचं आहे. पण हात कालव्याची मोजणीवही लिहितो, साखळी क्रमांक बारा, खोदाई दोनशे चाळीस घनमीटर. मी खोडतो. पुन्हा लिहितो. साखळी क्रमांक तेरा. अक्षर माझंच आहे, सुबक, इंजिनियरचं. पान भरत जातं आणि त्यात माफीचा एक शब्द येत नाही. मी पान चुरगाळतो तर खाली तसंच दुसरं पान आहे, माझ्या हातचं, माझ्या सहीचं.

मिस्त्री खाटेवरून उतरतात. माझ्या हातातून पेन घेतात, टोपण लावतात, आणि माझ्याच खिशाला अडकवतात.

"चला," ते म्हणतात.

वॉर्डाचं दार उघडलं की पलीकडे शेडच आहे. गाडीचं बॉनेट वर आहे, इंजिन चालू आहे. टक, टक, टक. मिस्त्रींच्या हातात हातभर लांबीचा पेचकस आहे, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक ते इंजिनावर टेकवतात आणि मूठ माझ्या डाव्या कानाच्या मागे, हाडावर ठेवतात. त्यांचा दुसरा तळवा माझ्या डोक्याच्या पलीकडच्या बाजूला आहे, जसं न्हाव्याच्या दुकानात पोराचं डोकं धरतात तसा. तळवा थंड नाही. नेहमीसारखा खरखरीत आणि रॉकेलने धुतलेला आहे.

"ऐका," ते म्हणतात.

"मिस्त्री, आधी मला..."

"ऐका म्हटलं."

ते मूठ दाबतात. दुखतं. पहिल्यांदा नुसताच गोंगाट येतो. मग पेचकसाचं टोक सरकतं आणि गोंगाटातून एकेक आवाज सुटा होतो. ही व्हॉल्व्हची टिकटिक. हा पाण्याचा पंप, जात्यासारखा. टोक खाली जातं, इंजिनाच्या पोटाला लागतं, जिथे मी दोनदा हात घातला. तिथे काहीच नाही, तिथे सगळं गुळगुळीत फिरतंय. 

मग टोक पुढे येतं. अगदी पुढे, पट्टा फिरवणाऱ्या पुलीच्या मागे. टक. इतका मोठा आवाज, की दात झणझणतात. टक. टक. तिथेच आहे. ती पुली मी बसवली होती. मिस्त्रींच्या नातीचं लग्न होतं, त्या रविवारी ते आले नव्हते, आणि मी एकट्याने एवढं एकच काम केलं होतं. सहा वर्षांत माझ्या हातचं एकच.

त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. आवाज कुठला ते, आणि ते काम कोणाच्या हातचं तेही. माझ्या दोन सहकाऱ्यांसमोर ते तेवढंच बोलले, बाहेरचा आहे, उघडू नका.

"कळलं?" ते विचारतात.

मी मान हलवतो. आता मला बोलता येईल. घसा मोकळा झालाय, ते माझ्याकडे सरळ बघतायत, त्यांना माझं ऐकू येणार हे मला स्पष्ट दिसतंय.

"मिस्त्री, त्या दिवशी मी..."

"अगोदर ती पुलीची चावी बदला," ते म्हणतात. "झिजलीय ती. बोलणं काय, मागाहून होतंय."

आणि पुन्हा ऐका म्हणून ते मूठ आणखी दाबतात.

"अहो. अहो, उठा."

सुलोचना उभी आहे, माझी बायको, हातात चहाचा कप. ऊन शेडच्या आत दोन हात सरकलंय. माझं तोंड कोरडं पडलंय आणि इंजिन बंद आहे.

"केवढ्यांदा ओरडत होता," ती म्हणते. "मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. मिस्त्री, मिस्त्री म्हणून."

"आणखी काय म्हणालो?"

"आणखी काही नाही. तेवढंच."

मी चहा न घेता उठतो. बॉनेट उघडून खाली वाकतो आणि पुढची पुली दोन्ही हातांनी धरून हलवतो. नखभर हलते, आणि हलताना आवाज करते. पुलीला धरून ठेवणारी ती बोटाएवढी लोखंडी चावी झिजली आहे. अर्ध्या तासाचं काम. सात महिने, दोन वेळा उघडलेलं इंजिन, आणि अर्ध्या तासाचं काम. मला वाटलं होतं हा आवाज सापडला की बरं वाटेल. मला वाटतंय की पाना उचलून समोरची काच फोडावी.

"सापडलं का?" सुलोचना विचारते.

"हो."

"मग त्या पलूसच्या माणसाला काय सांगायचं?"

"नको येऊ म्हणून सांग."

ती लगेच जात नाही. कप मडगार्डवर ठेवते, जवळ येते आणि माझं डोकं उजेडाकडे वळवते.

"हे काय लागलं?"

"कुठे?"

"इथे. डाव्या कानाच्या मागे." ती बोट फिरवते. "रुपयाएवढं गोल उठलंय. आत खोल गेलंय की. कशावर झोपला होतात?"

मी सीटकडे बघतो. सीट मऊ आहे, सपाट आहे, आणि मी डाव्या कुशीवर झोपलोच नव्हतो.  ती त्या जागेवर बोट ठेवून हळूच दाबते.

"दुखतंय?"

"हो," मी म्हणतो. "राहू दे."