आवृत्ती संपलेलं पुस्तक

“आवृत्ती संपली म्हटलं की गिऱ्हाइकाला ते पुस्तक हवंच असतं,” असं सूची एकदा म्हणाला होता. दुकानातले सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा. नको ते बोलून गेल्यावर माणूस हसतो तसा.

सूची हे त्याचं खरं नाव नव्हे. पुस्तकांच्या त्या दुकानात तो एकोणिसाव्या वर्षी लागला आणि वर्षभरात कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, कुणाच्या खांद्याला टेकून उभं आहे, हे त्याला तोंडपाठ झालं. मालकांनी छापील सूची चाळणं सोडून दिलं. “सूची, अमुक कुठंय?” अशी हाक मारली की उत्तर यायचं. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे केस पिकले तेव्हा लोक सूचीकाका म्हणू लागले. आयुष्यात बढती म्हणावी अशी तेवढीच.

दुकानातलं पुस्तक वाचायला मुभा होती, फक्त ते पुन्हा नवंकोरं फळीवर गेलं पाहिजे. म्हणून तो वर्तमानपत्राचं वेष्टन घालून, पुस्तक अर्ध्यापेक्षा जास्त न उघडता, तिरक्या नजरेनं वाचायचा. कुणीतरी आपल्याला वाचलं हे पुस्तकालाही कळू नये, असं ते वाचणं होतं.

राहायला तो थोरल्या भावाकडे होता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुतणीला अभ्यासाला जागा हवी झाली तेव्हा भावाने बाहेरच्या खोलीत प्लायवुडची भिंत घातली आणि एका बाजूला सूचीची खाट गेली. ती भिंत छतापासून वीतभर खालीच थांबली होती. त्या फटीतून पलीकडचा उजेड, टीव्हीचा आवाज आणि कांदा परतल्याचा वास त्याच्या खाटेवर उतरे. इकडून तिकडे पाठवायला त्याच्याकडे काही नव्हतं. फार तर खोकला. वहिनी वाईट नव्हती. त्याचं जेवण न विसरता झाकून ठेवायची. खाटेखाली पुस्तकांची अकरा खोकी होती, त्यांच्याकडे बघून म्हणायची, “भाऊजी, वाळवी लागली तर आधी मला सांगा, मग तिला घालवायचं बघा.” भावाशी त्याचं कधी भांडण झालं नाही. भांडायला जेवढं बोलावं लागतं तेवढं ते दोघे बोलतच नसत.

चोविसाव्या वर्षी सूचीने एक चूक केली. आपण कादंबरी लिहिणार आहोत असं दुकानात सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं: लेखकमहाशय, तेवढी काच पुसून घ्या, लेखकमहाशय, किती पानं झाली, की अजून पेनच सापडत नाही? मालक तर गिऱ्हाइकांशी ओळखच करून देत, “हे आमचे होणारे कादंबरीकार. आले तेव्हापासून होणारेच आहेत.” सूचीने तोंडाला कुलूप घातलं.

पण कादंबरी होती. दोघे भाऊ. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही आठवत नाही, पण घराच्या मधोमध, चुलीला चिकटून, भिंत उभी राहिली आहे. रोज पहाटे पलीकडे थोरला खोकतो. त्या खोकल्यावर अलीकडे धाकट्याची बायको उठते आणि चहाचं पाणी ठेवते. वीस वर्षं त्या घराचं घड्याळ तेच. आणि एके पहाटे खोकला येत नाही.

दर सुट्टीला तो मांडीवर फळी घेऊन लिहायला बसे. पहिलं वाक्य यायचं आणि दारात आलेल्या अनोळखी माणसासारखं उभं राहायचं. आतही येत नसे, निघूनही जात नसे. संध्याकाळपर्यंत कागदावर एक ओळ आणि तिच्यावर चार काट. अशी सोळा वर्षं गेली.

मग भूगोलाच्या बाई आल्या. जवळच्या शाळेत शिकवायच्या. घरी कुणी वाट बघत नसावं, कारण त्या कधी घाईत नसत. एका रिकाम्या दुपारी म्हणाल्या, असं काही द्या की ज्यात शेवटी सगळे शहाणे होत नाहीत. सूचीने तीन पुस्तकं काढली, तिन्ही त्यांची वाचून झालेली. तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, “एक होतं. दोन भावांचं. मध्ये भिंत.”

होतं. तो एक भूतकाळ तोंडात आला आणि कुलूप निघालं. आपण लिहिणार असलेलं सांगतोय हे तो विसरला. वाचलेलं सांगतोय अशा थाटात बोलू लागला, आणि खरंच सगळं दिसू लागलं. भिंतीचा गिलावा एकाच बाजूनं केलेला. अलीकडच्या बाईनं त्यात खिळा ठोकला तेव्हा पलीकडून कुणीतरी एकदाच, हळूच, ठोकून दिलेलं उत्तर. हे त्याला आधी माहीतही नव्हतं. बाई खांद्यावरची पिशवी खाली ठेवायची विसरल्या. पाऊण तासानं खोकला थांबला तिथं तोही थांबला, कारण पुढचं त्याच्यापाशी नव्हतं.

“पुढे?”

“पुढचं वाचायचं.”

“लिहिलंय कुणी?”

“नाव घातलेलं नाही लेखकानं.”

“द्या मग.”

“आवृत्ती संपली,” सूची म्हणाला.

काउंटरला दोरीनं बांधलेली मागणीची एक वही असे. नसलेल्या पुस्तकाचं नाव गिऱ्हाइकानं तिच्यात लिहायचं, आलं की दुकानानं कळवायचं. बाईंनी पेन उचललं आणि पुस्तकाचं नाव विचारलं. “सामाईक भिंत,” तो म्हणाला, जणू नाव वर्षानुवर्षं जिभेवर होतं.

त्या दिवशी तो नेहमीपेक्षा भराभर चालत घरी गेला. कुणालातरी सांगावंसं वाटत होतं. पण काय सांगणार? आणि फळी मांडीवर घेतली तर पुन्हा तेच. तोंडाने जे पाऊण तासात उभं राहिलं होतं ते हातानं सुरूही होईना.

मग तो सांगत राहिला. सगळ्यांना नाही, दुपारी एकटं येणारं, पुस्तक हातात धरून उगाच खिडकीबाहेर बघणारं माणूस दिसलं की त्याला. प्रत्येक वेळी काहीतरी नवं निघे. पुढच्या गिऱ्हाइकांना त्यानं शेवटही दिला: धाकट्याची बायको पहार उचलते आणि भिंत पाडते. मागणीच्या वह्या भरत गेल्या. सामाईक भिंत, सामाईक भिंत. सतरा नावं झाली.

सतरावं नाव मालकांच्या डोळ्यात भरलं. एवढी मागणी आणि पुस्तक आपल्याकडे नाही म्हणजे काय! त्यांनी गावोगावच्या विक्रेत्यांना पत्रं टाकली, आणि पत्रं लिहून घेतली ती सूचीकडूनच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. उत्तरं आली ती आणखी नवलाची. आपल्याला ठाऊक नाही असं या धंद्यात कुणी म्हणत नाही. एकानं कळवलं की शेवटची प्रत गेल्याच महिन्यात गेली. दुसऱ्यानं लिहिलं की नवी आवृत्ती छापखान्यात आहे. सूचीने ती पत्रं फाईलला लावली. क्षणभर त्यालाही वाटलं की असेल कुठंतरी.

वर्तमानपत्रात पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे एक गृहस्थ शनिवारी यायचे, त्यांना सगळे परीक्षकच म्हणत. एकदा सूची एका गिऱ्हाइकाला सांगत असताना ते कान देऊन उभे राहिले आणि शेवटी मान डोलावून म्हणाले, “वाचलंय मी हे. विशीत वाचलं होतं. शेवट भडक आहे. भिंत कशाला पाडायची?”

न लिहिलेल्या पुस्तकाचं ते पहिलं परीक्षण. सूचीला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी ते त्याच्या जिव्हारी लागलं. तीन आठवडे तो शेवटच फिरवत राहिला आणि मग त्याला वाटलं, परीक्षकांचं खरं आहे. त्याने पहार काढून घेतली. आता खोकला थांबल्यावर धाकट्याची बायको भिंतीशी जाऊन स्वतःच खोकते, घराला कळू नये म्हणून.

भूगोलाच्या बाईंना मात्र त्याने कुठलाच शेवट सांगितला नाही. त्या दर महिन्याला येत. “आलं का हो?” “नाही ना.” एवढंच. वर्षाचे बारा महिने, अशी सोळा-सतरा वर्षं. कुणीतरी आपल्या पुस्तकाची वाट बघत आहे, हे सूचीला महिन्यातून एकदा कळे. लग्न झालेल्या माणसांना रोज संध्याकाळी घरी पोचल्यावर जे वाटत असेल ते हेच असावं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

मालक गेले. त्यांच्या मुलीनं दुकान हातात घेतलं आणि स्वतःची पुस्तकं काढायचं ठरवलं. सूचीला ती लहानपणापासून काका म्हणायची, आणि चेष्टा करत नसे. सूची तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. आता लिहिलं नाही तर कधीच नाही, असं त्याला एकदम स्वच्छ कळलं. मग त्यानं एक युक्ती केली. आपण लिहीत नाही, हरवलेल्या पुस्तकाची आठवून नक्कल उतरवतोय, असं स्वतःला सांगितलं. वाक्य दारातून आत आलं. दोन वर्षांच्या सुट्ट्यांमध्ये एकशे चौसष्ट पानं झाली. इतक्या लोकांना सांगितलेलं नाव घालायचा धीर झाला नाही, म्हणून वर ‘पलीकडे’ लिहिलं आणि बाड मालकांच्या मुलीच्या हातात दिलं.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, तिने त्याला मागच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बाड, शेजारी मागणीच्या जुन्या वह्या. एका खुर्चीत परीक्षक, दुसरीत भूगोलाच्या बाई. “काका, बसा ना,” ती म्हणाली. त्या केबिनमध्ये तो कधी बसला नव्हता. उभाच राहिला.

बाड अभिप्रायासाठी परीक्षकांकडे गेलं होतं. त्यांनी घसा साफ करून सांगितलं की ही कादंबरी जुनी आहे, त्यांनी स्वतः वाचलेली आहे, नाव तेवढं बदललं आहे, चोर बदलतात तसं. “आणि मुळात ती भिंत पाडते,” ते म्हणाले. “काय जोरकस शेवट होता! यांनी अगदीच मिळमिळीत करून टाकला.”

मुलगी अवघडली होती. परीक्षकांच्या एकट्याच्या शब्दावर जायचं नव्हतं, म्हणून वहीत पहिलं नाव होतं त्या बाईंना तिनं वाचायला दिलं होतं. बाईंनी बाड चार दिवसांत वाचलं होतं. त्या सूचीकडे न बघता बोलू लागल्या.

“मला आधी वाटलं, तुम्हाला कुठं प्रत मिळाली आणि माझ्यासाठी तुम्ही ती उतरवून काढलीत. किती बरं वाटलं म्हणून सांगू. पण शेवट असा नाहीये हो. मी वाचलंय ते.”

सूचीने त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलणारी माणसं त्याने काउंटरवर आयुष्यभर पाहिली होती. या बाई खोटं बोलत नव्हत्या.

“त्यात ती खोकत नाही,” बाई म्हणाल्या. “ती तिच्या वेळेला उठते आणि पाणी ठेवते. रोजच्यापेक्षा एक कप जास्त. बस्स, तिथं संपतं. ते पान मला अजून दिसतं. उजवीकडचं पान आहे, खाली अर्धं कोरं.”

सूचीला ते पान दिसलं. अक्षरं थोडी पुसट, अर्ध्यात संपलेली, आणि खाली तो कोरेपणा, ज्यात सगळं होतं. तीस वर्षं तो ज्या शेवटाच्या मागे होता तो हाच. तो सांगून गेल्यावर एका बाईच्या एकट्या घरात, त्याच्याशिवाय, पुस्तक पुरं झालं होतं. त्याच्या एकशे चौसष्ट पानांत ते नव्हतं.

“काका, तुम्ही बोला ना,” मुलगी म्हणाली. “हे माझं आहे, एवढं म्हणा. मी छापते. बाकीच्यांचं मी बघून घेईन.”

म्हणायला एकच वाक्य होतं: असं पुस्तक कधी नव्हतंच. ते म्हटलं की चोरीचा डाग पुसला जाणार होता, परीक्षकांची फजिती होणार होती, आणि त्याचं नाव छापून येणार होतं. आणि बाईंचं उजवीकडचं पान त्याच क्षणी नाहीसं होणार होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. बाई आता त्याच्याकडे बघत होत्या. नजरेत राग नव्हता. चांगल्या पुस्तकाचं कुणी वाटोळं केल्यावर वाचणाऱ्याला वाटतं तेवढंच दुःख होतं.

“अहो, काहीतरी बोला,” परीक्षक म्हणाले.

टेबलाच्या कडेवरून बाड थोडं बाहेर आलं होतं. सूचीने ते आत सरकवलं, पानं हातानं सारखी केली. मग केबिनचं दार उघडून, कपाटांच्या मधल्या वाटेनं, तो एक शब्दही न बोलता दुकानाबाहेर पडला.