रोझवीटाचं मशीन आणि हिरवं रबर

आलुबुखार पिकायला आणि रोझवीटाच्या धुण्याच्या मशीनने खालून पाणी सोडायला एकच गाठ पडली.

मशीन अडुसष्ट सालचं. सोमवारी त्यात चादरी उकळायच्या आणि मंगळवारी टाकी घासून त्याच टाकीत आलुबुखारांच्या बरण्या. गावात सगळेच असं करत, त्यामुळे नाक मुरडायला कुणी उरलंच नव्हतं. आता पूर्व जर्मनी हा देशही उरला नव्हता. ज्या मोज्यांच्या गिरणीत तिने एकतीस वर्षं काढली, तिला कुलूप लागलं होतं. नवरा तर कधीच गेला होता. जुन्यातलं चालू राहिलं ते हे मशीन, आणि दर दोन वर्षांनी त्याचं पाणी अडवणारं रबर बदलून देणारा शेजारचा गोटफ्रीड.

यंदा मात्र ती त्याला बोलावणार नव्हती. जुन्या राजवटीत गुप्त पोलिसांकडे कोणी कुणाच्या चहाड्या केल्या, ते कागद आता अर्ज केला की बघायला मिळत होते. बेकरीवाल्या बाईने रांगेतच काडी टाकली होती.

"दुकानात रबर वर्षानुवर्षं नव्हतं. मग तुझ्या गोटफ्रीडला दोन दिवसांत कोण देत होतं गं?"

झालं! रोझवीटाला एकेक आठवायला लागलं. रबर बसवताना तो पाठ करून बसायचा. "बाजूला हो, ग्रीस उडेल," म्हणायचा. पैसे कधी घ्यायचा नाही. वर दोन दोन तास कॉफी पीत विचारायचा, "पश्चिमेकडून काटरिन काय लिहिते?" पळून गेलेल्या मुलीची एवढी चौकशी कशाला? तिने अर्ज करून टाकला.

अंगणात आलेलं पाणी बघून गोटफ्रीड आपणहून हत्यारांची पेटी घेऊन आला.

"अगं, हाक मारायचीस की! बरण्या खोळंबल्या असतील."

"रबर कुठून आणतोस?"

"मिळतं," तो हसला.

"कोण देतं? मी अर्ज केलाय, गोटफ्रीड. सगळं कागदात येईलच."

त्याचं हसू मावळलं. त्याने पेटी उचलली आणि तो निघून गेला.

चोराच्या उलट्या बोंबासुद्धा नाहीत, म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असं म्हणत रोझवीटाने स्वतःच पाना घेतला. तीन नट, मग चक्र, मग रबराची चकती. जाड, हिरवी, मागून कापड चिकटलेलं. कडेला उठावाचा आकडा होता, अर्धा चार आणि पूर्ण तीन.

त्रेचाळीस, बुटाचं माप. ती तशीच ओल्या जमिनीवर बसली. गोटफ्रीडचे हिरवे गमबूट दर दोन वर्षांनी आखूड व्हायचे. उंदरांनी खाल्ले, असं तो सांगायचा आणि अख्खी गल्ली हसायची. सगळ्यात मोठ्याने हसायची ती हीच. लाजेने तिला रडू फुटलं.

ती त्याच्याकडे गेली, तेव्हा तो आपल्या झाडाखाली आलुबुखार वेचत होता. पायात घोट्याएवढे उरलेले तेच बूट.

"सांगितलं का नाहीस रे?"

"बुटाच्या रबराच्या पाण्यात तू बरण्या उकळल्या असत्यास?"

"चुकले मी. माफ कर."

"अर्जाचं उत्तर येऊ दे आधी," वर न बघता तो म्हणाला. "ते वाच आणि मग ये."

सकाळी पायरीवर नवी चकती होती, ताजी कापलेली, हिरवी. रोझवीटाने ती बसवली. थेंबसुद्धा गळला नाही. दोन बरण्या घेऊन ती गेली, तेव्हा त्याने फाटकातच त्या घेतल्या आणि आभार मानले. कॉफीला मात्र तो परत आला नाही.

उत्तर आलं चौदा महिन्यांनी. आपल्याविषयी कुठलाही कागद सापडला नाही, एवढंच होतं. पत्र घेऊन ती दोनदा त्याच्या फाटकापर्यंत गेली. दोन्ही वेळा तशीच परतली. निर्दोष आहेस हे त्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? ते त्याला आधीपासूनच ठाऊक होतं.