मीटरवरचा लाल ठिपका

आमच्या इमारतीत जिन्याखाली मीटर आहेत. प्रत्येकावर एक लाल ठिपका लुकलुकतो. घरात वीज जितकी जास्त खर्च होते तितका तो घाई करतो, हे मला परवा कळलं आणि तेव्हापासून चैन पडेना.

रविवारी सकाळी मी मीटरसमोर उभा राहिलो आणि वर बायकोला फोन लावला. ती एकेक बटण बंद करत गेली. फ्रिज बंद झाला तसा ठिपका मंदावला. टीव्हीच्या मागचं बटण बंद झाल्यावर तर थांबलाच. मी जिना चढणार, तेवढ्यात तो पुन्हा एकदा लुकलुकला.

"काहीतरी राहिलंय," मी म्हणालो.

"सगळं बंद केलंय. तुम्हीच येऊन बघा."

वर गेलो. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. एरवी ते दिवसभर किती पुटपुटत असतं, आणि आपण त्यालाच शांतता म्हणतो. मग भिंतीकडे लक्ष गेलं. बाबांच्या फोटोखाली झिरोचा लाल बल्ब जळत होता. ते गेले तेव्हा लावलेला, नऊ वर्षं, दिवसरात्र.

हेच बाबा आमच्या मागोमाग खोल्यांतून फिरून दिवे घालवायचे. "कोणासाठी जळतोय हा?" असं विचारायचे.

बायको बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती.

"घालव," मी म्हणालो. "नऊ वर्षं मुकाट्याने बघत बसलेत बिचारे."