मठातले ढेकूण

कोथिंबीर कुसकरली गेली की चिरडलेल्या ढेकणाचा वास येतो आणि मला चिकपेटमधला तो जुना मठ आठवतो. साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी कीटकशास्त्र शिकत होते. जुन्या देवळा-मठांत कुठं ढेकूण सापडतात, याची आमचे सर नोंद करत होते, म्हणून त्यांच्याबरोबर हिंडायचे.

मठाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गंगक्का नावाच्या म्हाताऱ्या विधवाबाई राहत. त्यांच्या बाजेच्या फटींतून मी चिमट्यानं ढेकूण काढून बाटलीत टाकत होते. त्यांचे दंड चावे खाऊन काळे पडले होते.

"अक्का, औषध मारून देते. स्वल्प वेळ बाहेर बसा," मी म्हटलं.

"नको गं. लग्नाच्या वर्षीच नवरा गेला, तेव्हापासून इथंच आहे. माझ्या अंगाला शिवणारं दुसरं कोण आहे?"

मला शिसारी आली. तरीही महिन्याभरानं आम्ही औषध घेऊन परत गेलो, तेव्हा खोली धुतलेली होती. अक्का गेल्या होत्या आणि त्यांची बाज मागच्या अंगणात जळत होती.

आता मीही एकटीच राहते. आठवडेच्या आठवडे कुणाचा हात अंगाला लागत नाही. अक्कांच्या बोलण्याची शिसारी आता येत नाही.