व्यसन : नाही
काल खोकल्याच्या औषधाचं बूच उघडलं आणि त्या गोडसर वासानं भिवंडीतल्या आमच्या शेजारणीची खोली आठवली. तिचा नवरा जवळच्या वडपे गावातल्या गोदामात हमाल होता. त्या दिवशी शुक्रवार, सुट्टीचा वार, गल्लीतले सगळे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद, तरी तो कान दाबून ओरडत होता, “लूम माझं नाव घेऊन शिव्या देतोय, बंद करा त्याला!” खाटेखाली याच औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या, नशेसाठी दिवसाला चार-पाच तो रिचवायचा. त्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. गल्लीत कुणालाही दवाखान्यात न्यायचं असलं की आजाराची हकिगत इंग्रजीत मीच लिहून द्यायचे. कधीपासून, काय ऐकू येतं, झोप किती, असं ओळीनं लिहीत मी बाटल्यांपाशी आले, तशी तिनं माझं मनगट धरलं. “काकी, बाटल्यांचं नका लिवू. गोदामात कळलं तर उद्यापास्नं ड्युटी न्हाय.” मी लिहिलं, ‘व्यसन : नाही’. डॉक्टर कागद वाचून म्हणाले, “इतकं व्यवस्थित कोणी लिहून आणत नाही,” आणि मनाचा मूळचाच आजार समजून त्यांनी गुंगीच्या गोळ्या दिल्या. नवव्या दिवशी गोळ्यांवर बाटल्या पिऊन तो झोपला, तो उठलाच नाही. “नशा करत होता का?” डॉक्टरांनी आम्हा दोघींना विचारलं. “माहीत असतं तर या गोळ्या दिल्याच नसत्या.” तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “नाही.” बाळांनो, ती अजूनही मुलांचे फॉर्म माझ्याकडूनच भरून घेते, त्या उत्तराबद्दल आम्ही दोघी आजवर एक शब्दही बोललेलो नाही.